कोंडलेलं लोह

१

थोरलीच्या पत्र्याच्या पेटीत, कपड्यांच्या घडीखाली, लोहाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली आणि धाकटीच्या मरणाला खुनाचा वास यायला लागला. तोपर्यंत ते नुसतं मरण होतं. कौलांच्या त्या कारखान्यात नुसत्या मरणाला कुणी काही विचारत नसे. बाई अशक्त होती, गेली, गेट उघडा, मातीची गाडी आत घ्या.

पाकिटं सापडली ती धाकटीच्या नवऱ्याला. तो मेलेल्या बायकोची फणी शोधत होता. पाकिटं मुठीत धरून तो तसाच मुकादमाकडे गेला. मुकादम त्याला घेऊन दवाखान्यात गेला. डॉक्टरने कपाट उघडून पाहिलं, तर गोळ्यांचा अख्खा खोका गायब. मग फौजदार आला. त्याला डोकं चालवायचे कष्ट पडले नाहीत, कारण लोकांनी कोडं सोडवूनच ठेवलं होतं. थोरली म्हणजे धाकटीची जाऊ. विधवा. एकाच खोलीत तरुण दीर, ही विधवा, आणि मधे धाकटी. झालं. विधवा बाई खुनी आहे म्हटलं की लोकांना ते लगेच पटतं. ती रडली तर नाटक, नाही रडली तर दगड.

वर डॉक्टरचा कागद होताच. धाकटी मरण्याच्या आदल्या दिवशी तिचं रक्त काढलं होतं, आणि त्यातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा नको तितका चढलेला होता. लोहाच्या गोळ्या चारून चारून मारली, असं सगळ्यांचं एकमत झालं.

"गोळ्या चोरल्यास?" फौजदाराने विचारलं.

"हो."

"तिला खाऊ घातल्यास?"

"हो."

"का?"

दारात दीर उभा होता, त्याच्या खांद्यावर धाकटीची तान्ही पोर, चिमी. थोरलीने एकदा तिकडे पाहिलं.

"मारायला?"

"तुम्ही म्हणाल ते," थोरली म्हणाली. "लिहा. पण मला विचारायचं ते इथेच विचारा, खोलीवर जाऊन काही विचारू नका."

फौजदाराने 'हो' लिहून टाकलं. त्याला त्या शेवटच्या वाक्याचं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

२

अशा मरणावर मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरची सही लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी एक बाई आली. पोलीस तिला रक्तबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. उभा जन्म रक्ताचे थेंब बघण्यात गेलेला, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. तिच्या गाडीत मागच्या सीटवर एक जुना मायक्रोस्कोप असे, लहान पोराला बांधावं तसा पट्ट्याने बांधलेला.

"बाई, कबुली झालीय," फौजदार म्हणाला. "सही करा, चहा घ्या, मोकळ्या व्हा."

"आधी चहा. रिकाम्या पोटी मी कुणाला फासावर चढवत नाही."

कारखान्याचा दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, एक कपाट, एक फ्रिज. डॉक्टर तरुण होता आणि शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून बसला होता, जणू आतलं काही बाहेर पडेल.

"मॅडम, ती पांढरीफटक पडली होती. हिमोग्लोबिन फार खाली. मी शहरात रक्त पाठवलं. फेरिटिन बघायला सांगितलं, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती ते कळतं. आकडा आला वरचा. साठा भरलेला असेल तर लोहाच्या गोळ्या देऊन काय उपयोग? मी दिल्या नाहीत. ही जाऊ चोरून देत राहिली. मरायच्या आदल्या दिवशी पुन्हा रक्त पाठवलं, तर आकडा दुप्पट! लोहाचं विष भिनलं अंगात."

"पहिलं रक्त काढलं तेव्हा गोळ्यांचा खोका कपाटात होता?"

"होता. चोरी नंतरची."

"त्याआधी कुणी तिला लोह दिलं होतं?"

"नाही. आधी तपासणी, मग औषध, अशी माझी पद्धत आहे."

"छान पद्धत आहे," रक्तबाई म्हणाली. "म्हणजे एकही गोळी पोटात गेलेली नव्हती, आणि तरी साठा भरलेला. कुणी भरला?"

डॉक्टरने वरचं बटण चाचपलं. हा प्रश्नच त्याला पडलेला नव्हता. कागदावर आकडा आला की प्रश्न संपतात, असं त्याला शिकवलं गेलं होतं.

"रक्ताचा थेंब काचेवर घेऊन पाहिलात?"

तो खिडकीखालच्या टेबलाकडे बघायला लागला. उन्हाने टेबलाचा रंग उडाला होता. एक चौकोन तेवढा गडद राहिला होता. त्या मापाची वस्तू रक्तबाईच्या गाडीत होती.

"मायक्रोस्कोप दुरुस्तीला गेलाय. मी इथे यायच्या आधीच."

"आणि आदल्या दिवसाचं रक्त? बाटलीत काही उरलंय?"

"फ्रिजमध्ये आहे."

"ती बाटली आता माझी." रक्तबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "तिला ताप होता?"

डॉक्टर भिंतीवरची पाटी वाचावी तसा म्हणाला, "इथे कुणालाच ताप नसतो, मॅडम."

३

कामगारांच्या खोल्या एका ओळीत होत्या, एकमेकींना पाठ लावून, आगपेटीतल्या काड्यांसारख्या. मागे माती काढून काढून झालेले मोठाले खड्डे, त्यांत हिरवं पाणी. धाकटीचा नवरा उंबऱ्यात बसला होता. चिमी भर दिवसा त्याच्या खांद्यावर मान टाकून झोपलेली.

"वहिनीने घात केला," तो म्हणाला. "भाऊ गेल्यावर मी तिला टाकली नाही. आईसारखी ठेवली. आणि तिनं माझ्याच ताटात..."

"वहिनी राहू दे. बायको कशी होती ते सांग."

त्याने वर पाहिलं. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नव्हता.

"आधी चांगली होती. मग बदलली. चिखल तुडवायचं काम होतं तिचं, ते सोडून भट्टीवर काम मागून घेतलं. भट्टीवर कोण जातं बाई? या उन्हाळ्यात तिथे भुवया जळतात. आणि ही जेवणाच्या सुट्टीतसुद्धा भट्टीच्या तोंडाशी जाऊन बसायची, पदर घट्ट गुंडाळून. लोक हसायला लागले. म्हणाले, ऊब भट्टीची नाही, भट्टीवाल्याची आहे."

"तुला पटलं?"

त्याने चिमीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मारलंस?"

"एकदा."

रक्तबाई नुसती बघत राहिली.

"एकदा नाही," तो म्हणाला, आणि पोरीच्या पाठीत तोंड खुपसलं.

रक्तबाईने आवाज उतरवून विचारलं, "रोज बसायची भट्टीपाशी?"

"रोज नाही. एक दिवसाआड. म्हणून तर संशय! एक दिवस तशी बसलेली असायची, डोळे लाल, कुणाशी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी बरी. चिमीला खेळवायची, गाणी म्हणायची. परत तिसऱ्या दिवशी भट्टी."

"भट्टीवाल्याची पाळी एक दिवसाआड असते?"

"नाही, तो रोज असतो."

"मग त्याच्यासाठी जाणारी बाई रोज का जात नव्हती?"

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. उगाच मारल्याचं ओझं माणसाला कळतं तेव्हा ते आधी तोंडावर येत नाही, आधी हातांवर येतं. तो आपल्या हातांकडे बघायला लागला.

"घरी काय करायची?" रक्तबाईने विचारलं. "या उकाड्यात पांघरूण मागायची? दात वाजायचे?"

त्याला आत्ता कुठे काहीतरी उमगलं आणि तो झटक्यात उठला. शेजारच्या दारांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाई, हात जोडतो. ते या ओळीत उभं राहून विचारू नका."

आणि त्याने दार लावून घेतलं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी रक्तबाई गेटवर जाऊन उभी राहिली. बायका-पुरुषांची रांग लागली होती आणि रांगेच्या तोंडाशी मुकादम. माणूस गमत्या होता; माणसं मारणारे बऱ्याचदा गमत्येच असतात. प्रत्येकाच्या मानेवर तो उलटा हात ठेवायचा, क्षणभर थांबायचा, आणि म्हणायचा, "जा, थंडा आहेस." जशी काही मडकी विकत घेतोय.

"हा काय प्रकार?" रक्तबाईने विचारलं.

"तपासणी, डॉक्टरीणबाई. हा हात यंत्रापेक्षा पक्का आहे. गरम माणूस आत सोडत नाही आपण."

"सापडला तर?"

"तर घरी. म्हणजे घर पण नाही हो, खोली कारखान्याची. तापाचा माणूस गेटवर सापडला की खोली त्याच दिवशी रिकामी, घरच्या सगळ्यांसकट. नियम आहे." तो हसला. "मागे एकदा सरकारने तापाची साथ म्हणून कारखानाच बंद ठेवला होता. म्हणाले खड्डे बुजवा, डास होतात. आता खड्डे बुजवले तर माती काय मालकाच्या डोक्यातून काढायची? आमचा मालक हुशार. त्याने खड्डे ठेवले आणि ताप बंद केला."

रांग पुढे सरकत होती. रक्तबाई माना बघत होती. तरण्या, म्हाताऱ्या, सुरकुतलेल्या, गोऱ्या, काळ्या. केस कोरडे, कपडे कोरडे, आणि माना तेवढ्या ओल्या. जवळजवळ सगळ्याच.

"माना ओल्या कशा यांच्या?"

"आंघोळी करून येतात. स्वच्छता आहे आपल्याकडे!" मुकादम म्हणाला. एवढा पक्का हात, पण ओली मान आणि कोरडे केस यांतला फरक त्याला कळत नव्हता. की कळत होता? पोट भरत असलं की माणसाला किती कळतं आणि किती नाही, हे देवालाही सांगता यायचं नाही.

"धाकटी कशी होती कामाला?"

"ती? ती खायची हो!"

"काय खायची?"

"माती! कच्च्या कौलांच्या कडा कुरतडलेल्या दिसायच्या. मी म्हटलं उंदीर झाले, औषध टाका. मग एक दिवस हिला पकडली. तोंड चिखलाने माखलेलं. म्हटलं, बाई गं, भाजून तरी खा!" तो खदखदून हसला. रांगेतल्या दोघी-तिघींनीही हसल्यासारखं केलं, कारण हात अजून मानेवर पडायचा होता.

रक्तबाई हसली नाही. तिला मोठ्या इस्पितळातल्या कितीतरी बायका आठवल्या. भिंतीचा चुना चाटणाऱ्या, कोळसा चघळणाऱ्या, माती खाणाऱ्या. ज्यांच्या रक्तात लोह नाही त्यांना अशा भलत्या वस्तूंची भूक लागते. आणि या बाईच्या कागदावर लिहिलं होतं की लोहाचा साठा उतू चाललाय. माती खाणारी बाई आणि उतू जाणारा साठा, दोन्ही खरे असतील तर मधे तिसरं काहीतरी दडून बसलं असलं पाहिजे.

५

थोरलीला कारखान्याच्या गोदामात कोंडलं होतं, भाजलेल्या कौलांच्या चवडीत. ती एका फुटक्या कौलाची कड बोटाने घासत बसली होती.

"तुझ्या जावेला ताप होता," रक्तबाई म्हणाली.

"नव्हता."

"एक दिवसाआड थंडी भरायची."

"नव्हती भरत."

"मग मानेला ओलं फडकं कुणी लावायचं? तू?"

बोट थांबलं.

"बाई, मी कबूल केलंय ना? साहेबांनी लिहून घेतलंय ना? मग मेलेल्या पोरीला उकरता कशाला?"

"जन्मठेप होईल."

"होऊ दे की. मी कुणाची कोण? नवरा नाही, पोर नाही. पण खोली भाऊजींच्या नावावर आहे..." ती जीभ चावून थांबली. मग डोळे पुसून अगदी वेगळ्याच आवाजात म्हणाली, "चिमी दूध पिते का? तिला कोमट लागतं. भाऊजींना कळत नाही, गरमच देतात."

रक्तबाई बाहेर आली. दवाखान्याच्या ओसरीवर तिने मायक्रोस्कोप मांडला. बाटलीतला थेंब काचेवर ओढला, वाळवला, रंग चढवला, धुतला, डोळा लावला. फौजदार जवळच दात कोरत उभा होता. तो म्हणाला, "बाई, दिसतंय का विष?" तिने उत्तर दिलं नाही. काच सरकवली. पुन्हा सरकवली. तिचे खांदे हळूहळू खाली आले, ओझं उतरवताना येतात तसे नव्हे. ओझं घेताना येतात तसे.

"सगळ्यांना बोलवा," ती शेवटी म्हणाली. "कळलं मला कशाने मेली."

"थोरलीनेच ना?"

"बोलवा म्हटलं ना!"

६

ओसरीवर सगळे जमले. डॉक्टर, मुकादम, चिमीला घेतलेला दीर, आणि दोन शिपायांच्या मधे थोरली.

"डॉक्टर, आधी तुम्ही बघा," रक्तबाई म्हणाली.

डॉक्टर वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"काय दिसतं? मोठ्याने सांगा."

"पेशी लहान आहेत. फिक्या. मधे पोकळ. लोह नसतं तेव्हा असतात तशा."

"विषबाधा होईल एवढं लोह मिळत असतं तर?"

"तर अशा नसत्या."

"आणि पेशींच्या आत?"

डॉक्टरने मुकादमाकडे पाहिलं. मग पुन्हा काचेकडे. "अंगठ्या आहेत. बारीक, निळ्या. जंतू आहेत, मॅडम."

"नाव सांगा जंतूचं."

"हिवताप," डॉक्टर म्हणाला. त्या आवारात तो शब्द कित्येक दिवसांत कुणी उच्चारला नव्हता. ओसरीखाली उभ्या असलेल्या बायका अर्धं पाऊल मागे सरल्या, शिवी ऐकल्यासारख्या.

फौजदार चिडला. "अहो पण लोहाचा आकडा? तो खोटा का?"

"आकडा खरा आहे, वाचणारे खोटे. फौजदार, गावात चोर शिरलाय असं कळलं तर घरातली शहाणी बाई दागिन्यांचं काय करते?"

"पुरते जमिनीत."

"शरीर तेच करतं. या जंतूला वाढायला लोह लागतं. म्हणून ताप आला की शरीर लोह उचलतं आणि कोठारात कोंडून ठेवतं. शिवाय जंतू पेशी फोडतो, त्यातलंही लोह कोठारात जाऊन पडतं. कोठाराचा आकडा चढतो. बघणाऱ्याला वाटतं, वा, घर श्रीमंत! पण घरातली लेक उघड्या गळ्याने लग्नाला जाते. हाडांच्या आत नवं रक्त तयार व्हायचं, तिथे लोह पोचतच नाही. पहिला आकडा आला तेव्हा तिच्या पोटात एक गोळी नव्हती, तरी तो जास्त होता. तो लोहाचा आकडाच नव्हता डॉक्टर, तो तापाचा आकडा होता. ताप वाढला, आकडा दुप्पट झाला. त्याच्याबरोबर ताप बघितला असता, थेंब काचेवर घेतला असता, तर कळलं असतं. मग औषध होतं. साधं औषध, तुमच्या कपाटात मावणारं."

"पण गोळ्या तर हिने चारल्याच!" दीर ओरडला.

"चारल्या. का चारल्या?" रक्तबाई थोरलीकडे वळली. "आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. बोल."

थोरली जमिनीकडे बघत म्हणाली, "पापणी खाली ओढली की आत कागदासारखं पांढरं दिसायचं. डॉक्टरसाहेब म्हणाले साठा भरलाय, गोळी नको. मला वाटलं, गरिबाला द्यायचं नसलं की असंच सांगतात. मग मी खोका उचलला."

"उपयोग झाला नाही," रक्तबाई म्हणाली. "ताप असला की आतडंही दार लावून घेतं. लोह आत शिरत नाही, आलं तसं बाहेर जातं. विष झालं असतं तर रक्ताच्या उलट्या झाल्या असत्या, एका दिवसात खेळ संपला असता. ही तर झिजत झिजत गेली, एक दिवसाआड थंडीने कुडकुडत भट्टीला चिकटून बसली, आणि तुम्ही तिला भट्टीवाला चिकटवलात. माती खाल्ली तर हसलात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच."

दिराने मान वळवून भट्टीकडे पाहिलं.

फौजदाराने कबुलीच्या कागदाची घडी घातली. "ठीक आहे. हिला सोडतो. मग गुन्हा कुणावर लिहू? डासावर?"

रक्तबाईने मुकादमाच्या हाताकडे बोट केलं. "त्या हातावर लिहा. तो ज्याने ठेवायला लावला त्याच्यावर लिहा. मायक्रोस्कोप दुरुस्तीच्या नावाखाली ज्याने नेला त्याच्यावर लिहा."

"हाताचं कलम नाही हो, बाई," फौजदार म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. बिचाऱ्याने सगळी कलमं आठवून पाहिली होती.

मुकादम मात्र सावरला होता. "म्हणजे यांच्या खोलीत ताप होता," तो शांतपणे म्हणाला. "बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग नियम..."

थोरलीने मान वर केली. तिला जे भय होतं ते अखेर समोर येऊन उभं राहिलं.

७

सही व्हायची होती. रक्तबाई दवाखान्यात एकटीच लिहीत बसली होती, तेव्हा थोरली चिमीला घेऊन आत आली.

"ताई, लिहू नका," ती म्हणाली. "तुम्ही चांगल्या आहात. पण लिहू नका. गोळ्यांनीच मेली असं लिहा. मी जाते आत. खोली राहिली तर भाऊजी राहतील, ही पोर राहील. बाहेर कुठे जाणार ती? झाडाखाली?"

रक्तबाईने पेन खाली ठेवलं. असं मागणं तिच्याकडे आजवर कुणी केलं नव्हतं. लोक सुटण्यासाठी खोटं मागतात. ही अडकण्यासाठी मागत होती. तिने हात पुढे केला, पोरीला जवळ ओढावं म्हणून, आणि हात तसाच चिमीच्या मानेवर राहिला.

मान ओली होती. ओल्याच्या खाली निखारा.

"हिला कधीपासून?"

थोरलीने पोरीला आपल्याकडे ओढलं.

"कधीपासून गं?"

"धाकटी गेली त्याच्या आधीपासून. अधूनमधून. मुकादम खोल्यांमधून पण फिरतो, पोरांना हात लावून बघतो. म्हणून मी हिची मान... आत्ता सुटल्या सुटल्या पहिलं तेच केलं मी." ती एकदम थांबली, जसं चालता चालता विहीर दिसावी. "ताई. धाकटीला मी रोज सकाळी ताप उतरायची गोळी द्यायचे. गेटवर जायच्या आधी. दुकानातून आणून. मान पुसायचे, गोळी द्यायचे. ती म्हणायची, जाऊबाई, आज नको, आज पडून राहू दे. मी म्हणायचे, ऊठ, खोली जाईल. त्या गोळीने मेली ती?"

"गोळीने नाही."

"मग?"

खोटं रक्तबाईच्या जिभेवर येऊन बसलं होतं. सोपं होतं. 'तुझा काही दोष नाही' एवढं म्हणायचं, डोक्यावरून हात फिरवायचा, गाडीत बसायचं. पण ही बाई हे खोटं घेऊन बाहेर गेली असती आणि उद्या सकाळी फडकं पुन्हा भिजवलं असतं.

"गोळीने ताप झाकला," ती म्हणाली. "ताप उघडा पडला असता, तर खोली गेली असती. आणि ती कदाचित राहिली असती."

"कदाचित?"

"बहुतेक राहिली असती."

थोरलीने चिमीला रक्तबाईच्या मांडीवर ठेवलं आणि आपल्या बाहीने तिची मान कोरडी केली. घासून घासून, कातडी लाल होईपर्यंत.

"लिहा," ती म्हणाली. "जे आहे ते लिहा. आणि हिला काय द्यायचं ते द्या."

चिमीच्या बोटातला थेंब काचेवर गेला. त्यातही अंगठ्या होत्या, थोड्या. औषध रक्तबाईच्या पेटीत होतं. पहिली मात्रा डॉक्टरने स्वतः चमच्यात कुटून दिली. त्याच्या गळ्याचं बटण उघडं होतं.

संध्याकाळच्या आत खोली रिकामी झाली. रक्तबाईने मालकाला फोन लावला, वरच्या साहेबांना लावला, जितकं ओरडता येतं तितकं ओरडली. पुढे कधीतरी माणसं आली, खड्ड्यांवर औषध फवारलं, फोटो काढले, आणि गेली. मुकादमाला मानेला हात न लावता ताप सांगणारं यंत्र मिळालं. खड्डे अजून तिथेच आहेत.

दिराने हातगाडी आणली. भांडी, चटया, पत्र्याची पेटी, सगळं एकट्याने चढवलं. थोरलीला हात लावू दिला नाही. ओळीतल्या बायका आपापल्या दारांआडून बघत होत्या; कुणी बाहेर आलं नाही, निरोप द्यायलाही नाही. चिमीला त्याने चटयांच्या गुंडाळीवर बसवलं आणि गाडी ओढायला लागला.

"भाऊजी," थोरली म्हणाली.

तो थांबला नाही. "मी तिला मारलं," तो पुढे बघतच म्हणाला. "हाताने. तू मला सांगितलं असतंस, ताप आहे म्हणून, तर मारलं नसतं. मला पण नाही सांगितलंस, वहिनी."

"तुम्ही दारू प्यालात की बोलता. गेटवर बोलला असता."

रस्ता खड्ड्यांच्या कडेने जात होता. औषधाची कडू चव अजून तोंडात असावी. चिमीने तोंड वेडंवाकडं केलं आणि रडायला लागली. तो काही वेळ तशीच गाडी ओढत राहिला. रडणं वाढलं. मग त्याने दांडी खाली टेकवली, पोरीला उचललं, आणि मागे न बघता हात मागे लांबवून धरून राहिला.

थोरलीने तिला घेतलं. त्याने दांडी पुन्हा उचलली. दोघं चालत राहिले, तो पुढे, ती मागे, मधे सामान.